वाल, कुळीथ आणि प्रथिनांचे बंध

आज ज्या प्रदेशाला वसई-विरार महानगरपालिकेची हद्द म्हणतात आणि २०१४ सालापासून ज्याची नोंद पालघर जिल्ह्याच्या दप्तरी झाली आहे, त्या उत्तर कोकणच्या पट्ट्यात भाताची कापणी उरकून खळी मोकळी झाली, की जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर शेतकरी जी कडधान्ये घेत आला, त्यांत वालाला मोठा मान होता आणि कुळथाला त्याच्या खालोखाल. आगाशी, निर्मळ, बोळींज, गास या गावांच्या वाड्यांतून निघालेली केळी, फुले, भाजी आणि वालपापडी मुंबईच्या बाजारात जाई. १८६७ साली विरारपासून मुंबईपर्यंत आगगाडी धावू लागल्यावर तर त्या मालाची रवानगी रोजचीच झाली. इतिहासाच्या ग्रंथांत वसईच्या किल्ल्याला आणि १७३९ च्या विजयाला जी जागा मिळाली ती वालाला कोणी दिली नाही, आणि देणेही शक्य नव्हते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई आणि पुणे येथील काही प्रयोगशाळांत याच दोन गावठी कडधान्यांना जे महत्त्व आले, त्याची हकिकत या भागातील वाचकांनाही फारशी ठाऊक नसावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुका वाल कोणी कच्चा खात नाही. तो रात्रभर पाण्यात घालावा, सकाळी निथळून फडक्यात बांधावा, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा, आणि मग त्या डाळिंब्यांचे बिरडे शिजवावे, ही वहिवाट सामवेदी, वाडवळ, कुपारी, आगरी अशा सर्व घरांत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. जातिधर्माचे भेद चुलीपाशी बरेच सौम्य होतात, असे दिसते. या खटाटोपाचे कारण विचारले असता कडूपणा जातो, पोटाला बाधत नाही, एवढे उत्तर मिळे, आणि ते उत्तर चुकीचे नव्हते. मात्र पोटाला बाधते म्हणजे नेमके काय होते, दाण्यातील कोणते द्रव्य शरीरातील कोणत्या द्रव्याला कोठे आणि किती घट्ट धरते, हा प्रश्न त्या उत्तरात दडलेला होता. तो सोडवण्याचे श्रेय ज्या मराठी विदुषीकडे जाते, तिच्या चरित्रापासूनच आरंभ करणे सोयीचे.

कमलाबाई सोहोनी या पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. थोरली बहीण दुर्गा भागवत, जिचा परिचय मराठी वाचकाला करून देण्याची आवश्यकता नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमलाबाईंनी बंगळूरच्या त्याच संस्थेकडे प्रवेशाचा अर्ज केला, तेव्हा संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे या एकाच कारणास्तव, तो नामंजूर केला. नकार ऐकून परत फिरण्याचा कमलाबाईंचा स्वभाव नव्हता. त्या बंगळुरास जाऊन थडकल्या, कारण काय ते समक्ष सांगा असा आग्रह धरून बसल्या, आणि अखेर वर्षभराच्या मुदतीवर, काम पसंतीस उतरले तरच ते ग्राह्य मानू, अशा अटीवर त्यांना आत घेण्यात आले. वर्ष संपल्यावर रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. तथापि ती अट मनाला लागली होती हे कमलाबाईंनी पुढे उतारवयातही लपवले नाही, आणि त्यांनी ते लपवायचे तरी का? बंगळुरात श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास करून १९३६ साली त्यांनी एम. एस्सी. संपादन केली. कडधान्यांशी त्यांचा संबंध जडला तो तेव्हापासून.

पुढील टप्पा केंब्रिजचा. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वनस्पतींच्या श्वसनक्रियेचा शोध आरंभिला. प्राणिपेशींत अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकवून अखेर प्राणवायूपर्यंत पोचवणारी सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ययुक्त प्रथिने असतात, हे डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली दाखवून दिले होते. बटाट्यासारख्या वनस्पतीच्या ऊतींतही हीच साखळी कार्यरत असते, याचा पुरावा हिल आणि कमलाबाई यांनी मांडला. त्याचे टिपण १९३९ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी अवघ्या चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व हकिकतीचे मर्म तिच्यात आहे. सायटोक्रोम सी हे प्रथिन साखळीतील आपल्या जोडीदाराला बिलगते, इलेक्ट्रॉन घेते किंवा देते आणि सेकंदाच्या हजारांशांच्या हिशेबात सुटून दुसऱ्याकडे जाते. त्याची पकड ढिली आहे म्हणूनच ते कामाचे. ते जोडीदाराला घट्ट धरून बसले असते, तर साखळी तेथेच तुंबली असती आणि पेशीचा श्वास कोंडला असता. म्हणजे प्रथिनांच्या जगात घट्ट बंध हा गुण आणि सैल बंध हा दोष, असा सरसकट निवाडा देता येत नाही. केंब्रिजला सैल बंधाच्या प्रथिनावर ज्यांची तालीम झाली, त्या कमलाबाईंच्या हातून मुंबईत अत्यंत घट्ट बंधाच्या प्रथिनाचा शोध लागावा, हा योग मला लक्षणीय वाटतो.

स्वदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, नंतर कुन्नूरची आहारसंशोधन प्रयोगशाळा, अशा नोकऱ्या करून १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाबाई मुंबईस आल्या, आणि १९४९ साली मुंबईच्या विज्ञानसंस्थेत नव्याने निघालेल्या जीवरसायन विभागात रुजू झाल्या. मुंबई शहराला त्या काळी धान्याची टंचाई आणि शिधापत्रिका यांची ओळख चांगलीच झालेली होती. गरिबाचे प्रथिन म्हणजे डाळ आणि कडधान्य, हे कुन्नूरच्या अनुभवाने कमलाबाईंच्या मनावर ठसलेले होते. ज्या कडधान्यात प्रथिन भरपूर, ते खाऊनही अंगी पुरते लागत नाही, याचे कारण शोधणे हा त्यांच्या विभागाच्या कामाचा एक मोठा भाग झाला.

या प्रश्नाचा माग अमेरिकेत आधीच काढला जात होता. ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ साली दाखवून दिले होते, की कच्च्या सोयाबीनवर ठेवलेले उंदीर नीट वाढत नाहीत, आणि तेच सोयाबीन शिजवून घातले तर वाढतात. १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एक प्रथिन शुद्ध करून त्याचे स्फटिक पाडले, आणि ते प्रथिन ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला निकामी करते हे निर्विवाद सिद्ध केले. ट्रिप्सिन स्वादुपिंडात तयार होते, आतड्यात उतरते आणि अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते. सोयाबीनमधील प्रथिन ट्रिप्सिनच्या कर्तनस्थानात एखाद्या घासासारखे जाऊन बसते. ट्रिप्सिन त्याला कापू पाहते, पण कापण्याची क्रिया पुरी होत नाही आणि घासही बाहेर पडत नाही. अशा प्रथिनाला निरोधक म्हणतात.

वालात आणि डबल बीमध्ये असेच निरोधक आहेत, हे कमलाबाई आणि त्यांचे सहकारी के. एस. आंबे यांनी दाखवले, आणि नुसते दाखवले नाही तर त्यांचे स्फटिकही मिळवले. ते वृत्त १९५५ साली ‘नेचर’मध्ये छापून आले. स्फटिक पाडणे म्हणजे काय, याची आजच्या वाचकाला कल्पना येणे कठीण आहे. प्रथिन हे निश्चित घडणीचे रासायनिक द्रव्य आहे की नुसता चिकट गोळा, हा वाद जेम्स समनर यांनी अबईच्या जातकुळीतील एका शेंगेच्या दाण्यातून युरिएज नावाच्या विकराचे स्फटिक १९२६ साली मिळवल्यानंतरही काही वर्षे चालू होता; स्फटिक हाती आला म्हणजे द्रव्य शुद्ध आहे याची सनद मिळाली, असे त्या पिढीत मानले जाई. परदेशी यंत्रसामग्रीवर परवान्यांची बंधने असताना, सरकारी संस्थेच्या तुटपुंज्या तरतुदीत, वालाच्या पिठातून असे स्फटिक काढणे हे चिकाटीचे काम होते, आणि त्याची नोंद आपल्याकडील विज्ञानेतिहासात आहे त्यापेक्षा ठळक अक्षरांत व्हावयास हवी होती.

आता बंधाच्या बळाविषयी. दोन प्रथिने एकमेकांना किती घट्ट धरतात हे मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ वियोजनांक नावाचे एक मान वापरतात. पहिल्या प्रथिनाच्या द्रावणात दुसरे किती तीव्रतेने मिसळले असता पहिल्याचे निम्मे रेणू जोडलेले आणि निम्मे मोकळे आढळतात, ती तीव्रता म्हणजे वियोजनांक. तो जितका लहान, तितका बंध घट्ट. सोयाबीनचा निरोधक आणि ट्रिप्सिन यांच्या बाबतीत हे मान दर लिटरला एका मोलच्या शंभर अब्जांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. गाईच्या स्वादुपिंडात सापडणारा एक निरोधक तर याच्याही पलीकडचा आहे. ट्रिप्सिनशी त्याची जोडी एकदा जमली की ती सुटण्यास कित्येक आठवडे लागतात, म्हणजे व्यवहारात ती सुटतच नाही.

परंतु हा आकडा कळला म्हणून शरीरात काय घडेल ते कळले, असे मात्र नाही. कच्चे सोयाबीन किंवा कच्ची कडधान्ये खाणाऱ्या कोंबड्यांचे आणि उंदरांचे स्वादुपिंड आकाराने वाढते, हे १९४८ पासून पुढच्या दोन-तीन दशकांत निरनिराळ्या प्रयोगांनी उघडकीस आले. आतड्यातील मोकळे ट्रिप्सिन घटले की आतड्याच्या अस्तरातून स्वादुपिंडाकडे संप्रेरकाच्या रूपाने जणू तगाद्याचे हुकूम सुटतात, आणि स्वादुपिंडाच्या पेशी अधिकाधिक ट्रिप्सिन गाळू लागतात; ट्रिप्सिन स्वतः गंधकयुक्त अमिनो आम्लांनी समृद्ध असल्यामुळे आणि कडधान्यांत नेमकी त्यांचीच टंचाई असल्यामुळे, शरीराची तूट दुप्पट होते. पाहा, बंध जडला आतड्याच्या पोकळीत, पेशीच्या बाहेर. आणि वागणूक बदलली दूरच्या स्वादुपिंडातील पेशींच्या आत. निरोधकाच्या मिठीचे बळ रतिभर न बदलता, उंदीर, कोंबडी आणि अन्य प्राणी यांच्यातील परिणाम मात्र निरनिराळे निघतात.

पाणी घालून शिजवल्याने या निरोधकांचे बळ पुष्कळ कमी होते, भिजवल्याने काही अंश पाण्यात उतरून जातो, मोड आल्यावर दाणा स्वतःच आपल्या साठ्याची मोडतोड सुरू करतो. वसईच्या घरांतील वहिवाटीचा अर्थ हा असा आहे. त्यावरून आपल्या पूर्वजांना जीवरसायनशास्त्र अवगत होते, असा डंका पिटण्याचे मात्र कारण नाही. त्यांना अनुभव होता, आणि अनुभवाला कारणमीमांसेची गरज असतेच असे नाही.

मुंबईत वालाचे काम चालू असताना पुण्यात कुळथाची पाळी आली. १९४८ साली स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाचे काम पाहणारे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’मध्ये आणि पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये एक चमत्कारिक वाटावी अशी गोष्ट प्रसिद्ध केली. घोड्याच्या चंदीत जाणारा आणि कोकणात ज्याचे पिठले होते तो कुळीथ दळून, मिठाच्या पाण्यात भिजवून गाळला असता जो अर्क मिळतो, तो ए गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. बी किंवा ओ गटाच्या पेशींना तो शिवतही नाही. एवढेच नव्हे, तर ए गटाचे ए-एक आणि ए-दोन असे जे पोटभेद आहेत, त्यांपैकी ए-एकच्या पेशी त्याने झटकन चिकटतात आणि ए-दोनच्या पेशी फार मंद. अर्क योग्य प्रमाणात पातळ केला, तर ए-दोनच्या पेशी मुळीच चिकटत नाहीत. तोवर हा भेद ओळखण्यासाठी बी गटाच्या माणसाचे रक्तद्रव घेऊन त्यातील नको ते अंश ए-दोनच्या पेशींनी शोषून काढण्याची किचकट रीत होती. बर्ड यांनी मूठभर कुळथात ते काम भागवले.

बियांच्या अर्काने रक्त साकळते हे ज्ञान नवे नव्हते. स्टिलमार्क यांनी १८८८ साली एरंडाच्या बियांबाबत ते दाखवले होते; पॉल एरलिख यांनी एरंड आणि सोनाराच्या तराजूतील गुंज यांच्या विषद्रव्यांवर प्रयोग करून रोगप्रतिकाराच्या शास्त्राचे काही पायाभूत सिद्धांत बांधले; समनर आणि हॉवेल यांनी १९३६ साली सिद्ध केले की ही प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करेला धरतात आणि मोकळी शर्करा मिसळली तर त्यांची पकड सुटते. या प्रथिनांना लेक्टिन हे नाव बॉइड यांनी १९५४ साली दिले. परंतु एकाच रक्तगटाच्या दोन पोटभेदांत विवेक करणारे बीज सापडले ते पुण्यात, आणि तेही दुष्काळात गरिबाला तारणारे म्हणून ज्याची ख्याती त्या कुळथात.

हा विवेक कशाच्या बळावर होतो, हा येथील खरा प्रश्न. कुळथाचे लेक्टिन १९७० साली एट्झलर आणि कॅबट यांनी शुद्ध केले, तेव्हा दिसून आले की ते ज्या शर्करेला धरते तिच्याशी त्याचा एकेकटा बंध अगदी दुबळा आहे. लेक्टिन आणि सुटी शर्करा यांचे वियोजनांक सामान्यतः मोलच्या हजारांशापासून दहा-हजारांशापर्यंत असतात. सोयाबीनच्या निरोधकाची पकड याच्या कोटीपट, किंबहुना त्याहूनही अधिक घट्ट. मग इतक्या दुबळ्या बंधाने पेशीला पेशी जखडावी कशी? उत्तर संख्येत आहे. ए-एकच्या एकेका तांबड्या पेशीवर ए गटाची शर्कराटोके सुमारे आठ ते बारा लाख असतात, ए-दोनच्या पेशीवर अदमासे अडीच लाखच. आणि लेक्टिनच्या एका रेणूला धरण्याची एकाहून अधिक स्थाने असतात. वसईतील पाचूबंदरच्या कोळ्याला विचारा: एका सुतळीने होडी धक्क्याला राहत नाही, पण तशाच पुष्कळ सुतळ्या एकदम बांधल्या, की एखादी सुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात आणि तेवढ्यात सुटलेली पुन्हा बांधता येते. शर्कराटोके दाट असली तर बंध टिकतात, विरळ असली तर टिकत नाहीत. परीक्षानळीत एका रेणूची पकड मोजून ए-एक आणि ए-दोन यांच्यातील सर्व भेद वर्तवता आला नसता. तो बऱ्याच अंशी पेशीच्या पृष्ठभागावरील दाटीत होता.

याच काळात, १९५२ साली, मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना काही माणसांच्या रक्तात असा विचित्र प्रकार आढळला, की ते रक्त ए नाही, बी नाही, म्हणून ओ म्हणावे, तर त्यातील रक्तद्रव ओ गटाच्या पेशींनाही साकळते. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि जगाच्या वैद्यकग्रंथांत ‘बॉम्बे’ रक्तगट दाखल झाला. या माणसांच्या तांबड्या पेशींवर फ्यूकोज शर्करेचे एक टोक नसते. त्यावाचून ए किंवा बी यांची बांधणी होऊ शकत नाही, मग जनुक असो वा नसो. अर्थात अशा माणसाला ए गटाचे जनुक वारशाने मिळाले असले, तरी कुळथाच्या अर्काला त्याच्या पेशीवर धरायला काहीच सापडत नाही. तो गट मुंबईकडील लोकांत दहा हजारांत एखाद्याचा असतो असे सांगतात, आणि गरज पडली तर त्याला त्याच गटाच्या माणसाचे रक्त लागते.

आतापर्यंत लेक्टिनाने पेशी एकमेकींना चिकटवल्या, एवढेच आपण पाहिले. पेशीच्या अंतर्यामी त्याने काय होते, हे १९६० साली फिलाडेल्फियाचे पीटर नोवेल यांच्या ध्यानात आले, आणि तेही अनपेक्षितपणे. घेवड्याच्या वर्गातील लाल दाण्याचे लेक्टिन त्यांच्या प्रयोगशाळेत केवळ तांबड्या पेशी साकळून बाजूला काढण्यासाठी वापरले जात होते; उरलेल्या श्वेतपेशी, ज्या विभाजित होणार नाहीत अशी सर्वांची समजूत होती, त्या धडाधड विभाजित होऊ लागल्या. पृष्ठभागावरील एका बाह्य स्पर्शाने स्तब्ध पेशीचे केंद्रक जागे व्हावे, हा जीवशास्त्रातील मोठाच धक्का होता. मानवी गुणसूत्रांच्या अभ्यासाला त्याने जी चालना दिली तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. याच प्रकारच्या दुसऱ्या एका लेक्टिनाच्या अभ्यासात पुढे असे दिसले, की थोड्या मात्रेत ते श्वेतपेशींना विभाजनास उद्युक्त करते आणि मात्रा फार वाढवली तर त्याच पेशी जखडल्यासारख्या होतात. प्रतिसाद वाढण्याऐवजी खालावतो. बंध अधिक तर परिणाम अधिक, हा व्यावहारिक हिशेब जिवंत पेशी मानत नाही.

वालाच्या लेक्टिनावरही मुंबईत काम झाले. साळगरकर आणि सोहोनी यांनी १९६५ साली ते अलग करून त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले, आणि ते खाऊ घातले असता उंदरांच्या वाढीवर होणारा परिणामही तपासला. दहा वर्षांच्या अंतराने एकाच दाण्यातून एक अत्यंत घट्ट पकडीचे आणि एक दुबळ्या पण बहुगुणित पकडीचे, अशी दोन प्रथिने एकाच विभागाने बाहेर काढली, आणि दोघांचाही परिणाम उंदराच्या वजनकाट्यावर उतरवला, ही नोंद माझ्या मते कमलाबाईंच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची आहे. नीरेवरील त्यांचे काम अधिक प्रसिद्ध झाले आणि त्याला राष्ट्रपतींचे पारितोषिकही मिळाले. वसई-पालघरच्या पट्ट्यात, जेथे ताडमाडांचे रान आहे आणि दारूबंदीच्या काळात ताडी हा सरकारदरबारी वादाचा विषय होता, तेथे ते जवळचे वाटणे साहजिक आहे. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने वजन वालाचे अधिक.

हकिकतीचा शेवटचा टप्पा कमलाबाईंच्या पश्चात घडला, आणि तो या सर्वांत अधिक विचार करण्याजोगा आहे. निरोधक केवळ बियांतच असतात असे नाही. माणसाच्या स्वादुपिंडाच्या पेशीही ट्रिप्सिनचा एक निरोधक तयार करतात, आणि तो कझाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली ओळखला होता. ट्रिप्सिन पेशीत निष्क्रिय रूपात साठवलेले असते. त्यातील काही अंश वेळेआधीच जागा झाला, तर हा निरोधक त्याला तेथल्या तेथे धरतो आणि पेशी स्वतःला पचवण्यापासून बचावते. त्याची पकड अत्यंत घट्ट आहे, परंतु त्याचा साठा बेताचा. पेशीतील सर्व ट्रिप्सिन एकदम जागे झाले, तर त्याच्या फार तर पंचमांशाला तो पुरा पडेल, असा अंदाज केला जातो. म्हणजे पकड वज्राची असली तरी संख्या अपुरी पडली की पेशीचा नाश ठरलेला.

भारतात, विशेषतः दक्षिणेत, तरुण वयात स्वादुपिंडात खडे होऊन पुढे मधुमेह जडवणारा एक विकार पूर्वापार आढळतो. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील गिरिराज रतन चांडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले, की या विकाराच्या रुग्णांत वरील निरोधकाच्या जनुकातील एक बदल, ज्यामुळे प्रथिनातील ३४ व्या स्थानी ॲस्पराजिनऐवजी सेरीन येते, लक्षणीय प्रमाणात सापडतो. साहजिकच सर्वांना वाटले की या बदलामुळे निरोधकाची पकड सैल होत असणार. त्याच सुमारास जपानी संशोधकांनी तो बदललेला निरोधक तयार करून परीक्षानळीत तपासला, तेव्हा त्याची ट्रिप्सिनला आवरण्याची शक्ती मूळच्याइतकीच निघाली. बंध होता तसाच. रोग मात्र होता. त्या बदलासोबत वारशाने येणाऱ्या जनुकातील इतर फरकांमुळे पेशीत या प्रथिनाची निर्मितीच कमी होत असावी, हा आजचा कयास आहे. शिवाय हा बदल अंगी असणाऱ्या बहुसंख्य माणसांना तो विकार जन्मभर होत नाही.

यावरून वियोजनांक मोजणे निरर्थक आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो आकडा हाती नसता, तर दोष पकडीत नाही, अन्यत्र आहे, हेसुद्धा कळले नसते. मात्र परीक्षानळीत एका प्रथिनाला एकच जोडीदार भेटतो आणि पाणी स्वच्छ असते. पेशीच्या अंतर्भागात दर लिटरला दोनशे-तीनशे ग्रॅम प्रथिने खचाखच भरलेली असतात, प्रत्येकाला अनेक जोडीदारांचा मोह असतो, आणि त्यातील पुष्कळांची बदली किंवा बरखास्ती पुढेमागे होणार असते. कोणते प्रथिन किती प्रमाणात आहे, पेशीच्या कोणत्या दालनात आहे, किती वेळ टिकते, हे तपशील सांगितल्याशिवाय बंधाच्या बळाचा आकडा अर्धाच मजकूर सांगतो. सायटोक्रोम सी हे सैल बंधाचे प्रथिन आपल्या दालनातून बाहेर पेशीद्रवात निसटले, तर तेथे दुसऱ्याच जोडीदाराला बिलगून पेशीचा मृत्यू ओढवते, हे १९९६ नंतर सिद्ध झाले आहे. त्याच प्रथिनाच्या साखळीवर केंब्रिजमध्ये काम करताना कमलाबाईंना याची कल्पना असणे शक्य नव्हते.

कमलाबाई पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालक झाल्या आणि १९६९ साली निवृत्त झाल्या. मुंबईतील ग्राहक चळवळीत, भेसळीच्या तपासण्यांत आणि ‘कीमत’ या नियतकालिकातील लेखनात त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत केलेल्या सत्कारप्रसंगी त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. बर्ड यांनी पुण्यात दाखवलेला कुळथाचा अर्क शुद्ध स्वरूपात बाटल्यांत भरून आजही जगभरच्या रक्तपेढ्यांत ए-एक आणि ए-दोन निवडण्यासाठी वापरला जातो.

कमलाबाईंच्या जीवरसायन विभागातून त्यांच्या वीस वर्षांत जे प्रबंध आणि टिपणे बाहेर पडली, त्यांचा मराठीत सलग वृत्तांत लिहिला जाणे अगत्याचे आहे. वसई, विरार, पालघर येथे आता विज्ञान शाखेची महाविद्यालये आहेत; तेथील एखाद्या अध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने मुंबई विद्यापीठाच्या दप्तरातील ती जुनी कागदपत्रे उघडून हे काम अंगावर घ्यावे, आणि त्या प्रयोगांत सहभागी झालेले विद्यार्थी-सहकारी जे कोणी हयात असतील, त्यांच्या आठवणीही विलंब न लावता टिपून ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे.